स्तोत्रांचे प्रकार शोधणारे हेर्मान गुंकेल

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका खेड्यांतील मंडळींत एक लहान मूल तापानें मरण पावलें. त्या घरीं प्रार्थनेस जाण्यापूर्वीं तेथील तरुण उपदेशक आम्हांकडे आले, आणि तेरावें स्तोत्र त्या घरीं वाचावें कीं नाहीं, असें मोठ्या संकोचानें विचारूं लागले. त्या स्तोत्रांत भक्त आपल्या दुःखाची मुदत किती, असें देवाला चार वेळां विचारितो. शोकांत बुडालेल्या आईपुढें अशी तक्रार वाचणें म्हणजे तिला अविश्वास शिकविणें होईल, अशी त्यांस भीति वाटत होती. परंतु त्यांच्या मोबाइल फोनांत शास्त्राभ्यासाचें जें अ‍ॅप आहे, त्यांत ह्या स्तोत्रावर व्यक्तिगत विलापगीत अशी चिठ्ठी लाविलेली होती. ती दाखवून त्यांनीं विचारिलें, कीं ही चिठ्ठी कोणीं लाविली? दाविदानें, छापणारानें, कीं अ‍ॅप करणारानें? शास्त्रांतलीच असेल तर ती निमूटपणें मानावी. माणसाची असेल तर त्या माणसाची ओळख तरी व्हावी.

प्रश्न अगदीं योग्य होता. अशा चिठ्ठ्या आतां पुष्कळांच्या हातीं आल्या आहेत, आणि पवित्र वचनाच्या शेजारीं छापलेलें जें जें दिसेल तें तें पवित्रच, असें मानण्याची आपणांस संवय आहे. म्हणून त्या उपदेशकांस आम्हीं जें सांगितलें, तेंच येथें सविस्तर लिहीत आहों.

ती चिठ्ठी शास्त्राचा भाग नाहीं. मूळ इब्री पुस्तकांत पुष्कळ स्तोत्रांस मथळे आहेत, हें खरें. सत्तावन्न मथळ्यांत मिज्मोर, म्हणजे वाद्याच्या साथीनें गावयाचें गीत, हा शब्द येतो. तेरा ठिकाणीं मास्कील व सहा ठिकाणीं मिक्ताम असे शब्द आहेत. पांच स्तोत्रांस प्रार्थना म्हटलें आहे, आणि १४५ व्या स्तोत्रास स्तवन म्हटलें आहे. तेराव्या स्तोत्रावर मिज्मोर हाच शब्द आहे. विलाप हा शब्द तेथें नाहीं. तेव्हां एका भक्ताचा विलाप, सर्व लोकांचा विलाप, स्तुतिगीत, उपकारस्तुति, राजगीत, ज्ञानगीत ही जी वांटणी आज जागोजाग दिसते, ती ह्या प्राचीन मथळ्यांतून आलेली नव्हे. तिचें मूळ जर्मनी देशांत सांपडतें. ज्या विद्वानानें आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध ह्या कामीं वेंचिला, त्यांचें नांव हेर्मान गुंकेल.

गुंकेल ह्यांचा जन्म ता. २३ मे १८६२ रोजीं हानोव्हर शहराजवळच्या श्प्रिंगे ह्या लहान गांवीं झाला. त्यांचे वडील लूथरी मंडळीचे पाळक होते. आजोबाही पाळकच होते. बाळपण ल्यूनेबुर्ग ह्या जुन्या शहरांत गेलें. १८८१ सालीं ते गटिंगेन येथील विद्यापीठांत ईश्वरविज्ञान शिकूं लागले, आणि मध्यंतरीं गीसेन येथेंही त्यांचें कांहीं शिक्षण झालें.

त्या काळीं जर्मनींतील शास्त्राभ्यास एका विशेष दिशेनें चालला होता. १८७८ सालीं वेलहौसेन ह्यांचा इस्राएलाच्या इतिहासावरील ग्रंथ निघाला होता, आणि मोशेच्या पुस्तकांत किती हातांचें लिखाण आहे, कोणतें आधींचें व कोणतें मागाहूनचें, हाच विचार जिकडेतिकडे होत होता. गटिंगेन येथें गुंकेल व त्यांचे कांहीं तरुण मित्र ह्यांस एवढ्यानें समाधान होईना. लिहिणारा लेखणी हातीं घेण्यापूर्वीं ही गोष्ट किंवा हें गीत लोकांच्या तोंडीं कसें होतें, तें कोणीं, कोठें व कोणत्या प्रसंगीं म्हटलें असेल, असा त्यांचा प्रश्न होता. गुंकेल ह्यांच्या पुढील सर्व कामाचें बीज ह्या एका प्रश्नांत आहे.

त्यांचें पहिलें पुस्तक १८८८ सालीं निघालें. तें जुन्या करारावर नसून पवित्र आत्म्याच्या कार्यांविषयीं आहे. पहिल्या मंडळीच्या लोकांस आत्मा म्हणजे एखादा उच्च विचार किंवा सभ्य शील एवढेंच वाटत नव्हतें; तो त्यांस वरून येणारें आणि माणसाला हालवून सोडणारें सामर्थ्य वाटत होता, असें त्यांनीं त्यांत दाखविलें. पुढच्याच वर्षीं ते हाले येथें गेले, आणि तेथें त्यांस नव्या कराराचें क्षेत्र सोडून जुन्या कराराकडे वळावें लागलें. जी वाट त्यांनीं प्रथम निवडिली नव्हती, तिच्यावरच त्यांचें खरें काम त्यांची वाट पाहत होतें.

त्या वेळीं मेसोपोटेमियांत खणून काढलेल्या मातीच्या विटांवरील लेख वाचले जात होते. त्यांतील सृष्ट्युत्पत्तीची बाबेली कथा जॉर्ज स्मिथ ह्या इंग्रज गृहस्थांनीं १८७६ सालीं प्रसिद्ध केली होती. गुंकेल ह्यांनीं त्सिमर्न नांवाच्या विटालेख-पंडिताचें साह्य घेऊन १८९५ सालीं एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यांत उत्पत्तीचा पहिला अध्याय, स्तोत्रें, ईयोब व यशया ह्यांतील समुद्राचे अजगर, आणि प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायांतील अग्निवर्ण अजगर ह्यांचा सांधा जुळवून दाखविला. लिहिलेलें वचन ज्या काळचें असेल, त्याहून त्यांतील कथेची परंपरा कितीतरी जुनी असूं शकते, हा त्या ग्रंथाचा मुख्य सिद्धांत होय.

सुमारें १८९५ पासून १९०७ पर्यंत ते बर्लिन येथें दुय्यम दर्जाचे अध्यापक होते. तेथें असतां १९०१ सालीं त्यांनीं उत्पत्तीच्या पुस्तकावर टीकाग्रंथ लिहिला. अब्राहाम, इसहाक व याकोब ह्यांच्या कथा पुस्तकांत येण्यापूर्वीं एकेक सुटी अशी तोंडीं सांगितली जात असे, आणि प्रत्येकीला स्वतःचा आरंभ व शेवट होता, असें त्यांनीं प्रतिपादिलें. ह्या कथांस त्यांनीं लोककथा म्हटलें. तेणेंकरून पुष्कळ भाविक लोकांचीं मनें दुखावलीं. आम्हीही त्यांचीं सर्व मतें स्वीकारीत नाहीं, आणि आमच्या वाचकांनीं तीं स्वीकारावीं म्हणून हें लिहीत नाहीं. परंतु न्यायानें सांगावयाचें तर लोककथा म्हणजे लबाडी, असें गुंकेल ह्यांचें म्हणणें नव्हतें. इतिहासकार एका रीतीनें सत्य सांगतो, तर कथा सांगणारा दुसऱ्या रीतीनें सांगतो, आणि ज्याला ही दुसरी रीत कळली नाहीं त्याला कथेचें अंतःकरणही कळणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें.

विद्वत्तेच्या मानानें त्यांस मान उशिरां मिळाला. पूर्ण प्राध्यापकाची जागा मिळाली ती १९०७ सालीं, गीसेन येथें. तेव्हां ते सुमारें ४५ वर्षांचे होते. १९२० सालीं ते पुनः हाले येथें आले आणि १९२७ सालीं निवृत्त झाले. आपलें ज्ञान पंडितांच्या कोठडींत कोंडून ठेवणें त्यांस आवडत नसे. १९०६ सालीं एलीया संदेष्ट्यावर त्यांनीं सामान्य लोकांकरितां एक लहान पुस्तक लिहिलें, आणि सुशिक्षित वाचकांकरितां निघालेल्या एका मोठ्या धर्मविषयक कोशाच्या संपादनांतही त्यांनीं भाग घेतला. स्तोत्रांवरील त्यांच्या शोधांचा सारांश ह्याच कोशांतील लेखाच्या द्वारें दूरवर गेला.

आतां स्तोत्रांकडे वळूं. गुंकेल ह्यांच्या आधीं ह्या शेतांत कोणी नांगर घातलाच नव्हता, असें नाहीं. ऑक्सफर्ड येथें काव्याचे अध्यापक असलेले आणि पुढें लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लौथ ह्यांनीं इब्री काव्यावर दिलेलीं व्याख्यानें १७५३ सालीं लाटिन भाषेंत छापलीं गेलीं. इब्री कवितेंत एका ओळीचा अर्थ दुसरी ओळ पुनः सांगते, किंवा उलट बाजूनें सांगते, किंवा पुढें नेते, हें त्यांनीं जगास दाखविलें. शोकगीत, बोधकाव्य, भावगीत अशी काव्याची वांटणीही त्यांनीं केली. पण ते प्रकार बहुतेक ग्रीक व लाटिन काव्यशास्त्रांतून घेतलेले होते. १७८२–८३ सालीं हेर्डर ह्या जर्मन पाळकांनीं इब्री काव्याच्या आत्म्याविषयीं ग्रंथ लिहिला. गुंकेल ह्यांनीं बाहेरून आणलेलीं मापें बाजूस ठेविलीं, आणि इस्राएल लोकांच्या जीवनांतूनच मापें शोधून काढण्याचा निश्चय केला.

त्यांची रीत आमच्या वाचकांस कळावयास कठीण नाहीं. पहांटे जात्यावर बसलेली बाई ओवी म्हणते. पाळण्याची दोरी हातीं आली म्हणजे तीच बाई अंगाई म्हणते. पोवाडा डफावर म्हणतात, आरती दिव्यापुढें म्हणतात. मयताच्या घरीं कोणी पाळणा म्हणत नाहीं. पहिले चार शब्द कानीं पडतांच गीत कोणत्या जातीचें तें खेड्यांतील लहान मूलही ओळखतें. त्याला तें कोणीं शिकविलेलें नसतें, कारण गीत आणि प्रसंग ह्यांची गांठ त्यानें जन्मापासून पाहिलेली असते. इस्राएलांतही तसेंच होतें, असें गुंकेल म्हणत. परंतु आपण त्या लोकांपासून हजारों वर्षें दूर आहों. प्रसंग गेला आणि नुसते शब्द हातीं राहिले. म्हणून प्रसंग पुनः शोधून काढावा लागतो.

त्याकरितां त्यांनीं तीन कसोट्या ठरविल्या. एका जातीचीं म्हणावयाचीं स्तोत्रें उपासनेंतील एकाच प्रकारच्या प्रसंगाचीं असावीं. त्यांतील विचार व भाव एकाच ठेव्यांतले असावे. आणि त्यांची भाषा व बांधणी सारखी असावी. तिन्ही जुळल्या तरच जात एक. नुसत्या एका शब्दावरून निकाल देऊं नये.

ह्या कसोट्यांनीं १५० स्तोत्रें तपासतां मुख्य वर्ग निघाले ते असे. पहिला स्तुतिगीतांचा. त्यांत प्रथम स्तुति करण्याची हांक असते, आणि मग ती कां करावी तें कारण असतें. ११७ वें स्तोत्र दोनच वचनांचें आहे, तरी हा सगळा सांचा त्यांत दिसतो. ४६ व्यासारखीं सियोनेचीं गीतें व ९३ व्यासारखीं परमेश्वराच्या राज्याचीं गीतें ह्याच वर्गाजवळचीं. दुसरा लोकांच्या विलापाचा. मंदिर उद्ध्वस्त झाल्यावरचें ७४ वें स्तोत्र त्याचें उदाहरण होय. तिसरा एका भक्ताच्या विलापाचा. हा सर्वांत मोठा वर्ग असून आपलें तेरावें स्तोत्र ह्यांतलें. त्यांत देवाला हांक, दुःखाचें गाऱ्हाणें, विनवणी, आणि बहुधा शेवटीं भरंवसा किंवा स्तुतीचें वचन, असा क्रम असतो. चौथा एका भक्ताच्या उपकारस्तुतीचा. दुखण्यांतून उठलेल्याचें ३० वें स्तोत्र पाहावें. पांचवा राजगीतांचा, जसें ७२ वें. ह्यांशिवाय ज्ञानगीतें, जसें १ लें, आणि आणखी कांहीं लहान वर्ग आहेत.

कोणत्याही एका वर्गांत न बसणाऱ्या स्तोत्रांस त्यांनीं मिश्र म्हटलें. ४० वें स्तोत्र उपकारस्तुतीनें सुरू होतें आणि विनवणीनें संपतें. त्या विनवणीचा शेवटचा भाग ७० व्या स्तोत्रांत स्वतंत्रपणेंही आलेला आहे. तेव्हां ही वांटणी म्हणजे दगडी भिंत नव्हे, हें तिच्या कर्त्यासही ठाऊक होतें.

निवडक स्तोत्रांवरील त्यांचें पुस्तक १९०४ सालीं निघालें होतें. सर्व स्तोत्रांवरील मोठा टीकाग्रंथ १९२६ सालीं बाहेर आला. पण प्रत्येक वर्गाचीं लक्षणें पुराव्यासह मांडणारी प्रस्तावना अद्याप लिहावयाची होती, आणि शरीर थकत चाललें होतें. दुखण्यानें हात चालेनासा झाला तेव्हां त्यांनीं तें काम योआखिम बेग्रिख ह्या आपल्या शिष्याच्या स्वाधीन केलें. ता. ११ मार्च १९३२ रोजीं हाले येथें गुंकेल वारले. ग्रंथ १९३३ सालीं पुरा छापून निघाला; तो पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. ज्या वांटणीची चिठ्ठी आज आपण बोटाच्या एका स्पर्शानें पाहतों, तिच्यामागें एका मनुष्याचें एवढें आयुष्य आहे.

पुढें तें बीं दूर दूर पेरलें गेलें. नॉर्वेचे मोव्हिंकेल ह्यांनीं गुरूची रीत घेतली, पण एका ठिकाणीं गुरूशीं वाद घातला. आपल्या हातीं असलेलीं पुष्कळ स्तोत्रें मंदिराबाहेरच्या भक्तांनीं जुन्या सांच्यांत रचिलेलीं आहेत, असें गुंकेल म्हणत. तीं प्रत्यक्ष मंदिराच्या उपासनेंतलींच आहेत, असें मोव्हिंकेल म्हणाले. दिबेलिउस ह्यांनीं १९१९ सालीं आणि बुल्टमान ह्यांनीं १९२१ सालीं हीच रीत शुभवर्तमानांस लाविली. क्लाउस वेस्टरमान ह्यांनीं १९५४ सालीं स्तोत्रांतील देवस्तुतीवर पुस्तक लिहून गुंकेल ह्यांच्या वर्गांत कांहीं फेरफार सुचविले. नंतर हे वर्ग इंग्रजी पाठ्यपुस्तकांत आले, सेमिनरींतील मुलांच्या वह्यांत आले, आणि शेवटीं अ‍ॅपांत आले. एवढ्या प्रवासांत कर्त्याचें नांव मात्र बहुतेक ठिकाणीं गळून पडलें.

म्हणून उपदेशकबंधूंनीं चिठ्ठीचें मूळ ओळखावयाचें कसें, तें थोडक्यांत सांगतों. नियमशास्त्र, इतिहास, काव्य, संदेष्टे, शुभवर्तमान, पत्र अशी पुस्तकावर चिठ्ठी असेल, तर ती गुंकेल ह्यांची नव्हे. पुस्तकांचे असे गट करण्याची चाल मंडळींत फार जुनी आहे, आणि यहूदी लोकांची नियमशास्त्र, संदेष्टे व लेख ही तीन भागांची वांटणीही प्राचीन आहे. ओळीशीं ओळ जुळविणारी खूण असेल, तर ती लौथ ह्यांच्या वाटेनें आलेली. एकेका स्तोत्रावर विलाप, स्तुति, उपकारस्तुति, राजगीत असें लिहिलेलें असेल, तर तिचें मूळ घर गुंकेल होत, मग मधल्या कोणीं तींत कितीही फेरफार केलेले असोत. शुभवर्तमानांतील लहान लहान उताऱ्यांवर चमत्कारकथा किंवा वादकथा असें असेल, तर ती त्यांच्या मागून आलेल्यांची. शिवाय अ‍ॅपांत माहितीचें पान असेल तर तें उघडून वाचावें. चिठ्ठ्या कोणीं तयार केल्या व कोणत्या पुस्तकाच्या आधारें, हें तेथें कधीं कधीं लिहिलेलें सांपडतें. दोन अ‍ॅपांत एकाच स्तोत्रावर दोन चिठ्ठ्या दिसल्या तर घाबरूं नये. शास्त्र बदललेलें नाहीं. वाचणारे दोन आहेत एवढाच त्याचा अर्थ.

ह्या रीतीचा एक दोषही सांगितला पाहिजे. जात शोधतां शोधतां एकेका स्तोत्राचा स्वतःचा चेहरा दिसेनासा होतो. दहा विलाप एका टोपलींत घातले म्हणून दहा भक्तांचें दुःख एक होत नाहीं. तसेंच स्तोत्र पुस्तकांत जेथें आहे तेथें कां आहे, त्याच्या आधीं व नंतर काय आहे, इकडे गुंकेल ह्यांचें लक्ष थोडें होतें. तो विचार मागाहूनच्या विद्वानांनीं हातीं घेतला. तेव्हां चिठ्ठी वाचावी, पण चिठ्ठी वाचून स्तोत्र मिटूं नये.

असो. त्या तरुण उपदेशकांस आम्हीं सांगितलें, कीं ही चिठ्ठी माणसाची आहे. तिला वचनाचा मान देऊं नका. परंतु ती ज्या गोष्टीकडे बोट दाखविते, ती गोष्ट वचनांतलीच आहे. देवाच्या लोकांनीं देवापुढें रडावें, त्याला जाब विचारावा, ह्याकरितां स्तोत्रसंहितेंत एकदोन नव्हे तर कितीतरी गीतें ठेविलेलीं आहेत. कोणत्याही दुसऱ्या जातीचीं इतकीं नाहींत. तें अविश्वासाचें लक्षण असतें तर इस्राएलानें तें उपासनेच्या पुस्तकांत जपून ठेविलें नसतें, आणि आपल्या प्रभूनें वधस्तंभावर बावीसाव्या स्तोत्राच्या विलापानें आपल्या पित्याला हांक मारिली नसती.

त्या संध्याकाळीं त्या घरीं तेरावें स्तोत्र वाचलें. पहिलीं चार वचनें झाल्यावर उपदेशक थांबले, कारण त्या आईला रडूं आवरेना. त्यांनीं तिला गप्प केलें नाहीं, आणि शेवटच्या दोन वचनांकडे धांवही घेतली नाहीं. पुष्कळ वेळानें तीच म्हणाली, कीं पुढें वाचा. मग त्यांनीं राहिलेलीं वचनें वाचलीं. विलापांतून भरंवशाकडे जाण्याची जी वाट त्या स्तोत्रांत आहे, ती कोणीं ढकलून चालावयाची नसते, हें आम्हीं त्या दिवशीं पाहिलें. श्प्रिंगे गांवच्या पाळकाचा मुलगा आपल्या टेबलाशीं बसून त्या वाटेच्या खुणा लिहून गेला, ह्याबद्दल आम्ही देवाचे आभार मानितों.